गाणे तुटले तर तुटू द्या, कान जपा

सिंदेवाही तालुक्यातल्या गावांत गाणे आता मोबाइलवर ऐकले जाते आणि कानाला जोडलेली वायरही बहुतेकांनी सोडली आहे. झाडीपट्टीच्या नाटकातले गाणे असो, दंडार असो की सिनेमातले, चिमुकले वायरलेस इअरफोन कानात घातले की झाले. तक्रार मात्र सगळ्यांची एकच : गाणे मधेच तुटते. घरात नीट वाजते, शेतात गेले की अडखळते. मग कंपनीला दोष, नव्या इअरफोनची खरेदी आणि आवाज शेवटच्या रेघेपर्यंत वर.

हे तुटणे दोन ठिकाणी होते. ऑनलाइन गाणे टॉवरकडून तुकड्या-तुकड्यांनी येते. जंगलालगत रेंज कमी-जास्त होते आणि मोबाइलने साठवलेला तुकडा संपला की गाणे थांबते. दुसरे तुटणे मोबाइल आणि कान यांच्यातले. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालते. या लहरी पाणी शोषून घेते आणि माणसाच्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणीच असते. मोबाइल मागच्या खिशात असला की लहरींच्या वाटेत सगळे अंग आडवे येते. घरात त्या भिंतींवर आपटून, वळसा घेऊन कानापर्यंत पोहोचतात. धानाच्या मोकळ्या बांधीत भिंतच नाही. कारण ओळखणे सोपे आहे. मोबाइलमध्ये उतरवून ठेवलेले गाणेही तुटत असेल तर मोबाइल शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून पाहावा. ते नीट वाजत असेल तर दोष रेंजचा. दोन्ही बाबतींत आवाज वाढवून काहीच साधत नाही. तुटलेले गाणे मोठ्या आवाजातही तुटकच ऐकू येते, आणि परत सुरू होते तेव्हा पूर्ण जोराने कानावर आदळते.

लोकांना भीती वाटते ती लहरींची. ब्लूटूथने मेंदूचा कर्करोग होतो, असे संदेश फिरत असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये मोबाइलसारख्या रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवले, हे खरे. म्हणजे पुरावा अपुरा, म्हणून लक्ष ठेवावे. त्यातही ब्लूटूथ इअरफोनची शक्ती मोबाइलच्या मानाने फारच थोडी असते. खरा धोका लहरीत नाही, आवाजात आहे.

आतल्या कानात सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसासाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. ९० डेसिबलला ही मर्यादा फक्त ४ तासांवर येते. आवाज दर ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मा होतो. नुकसान सुरू होते ते बारीक, उंच पट्टीच्या आवाजांपासून. त्यामुळे सुरुवातीला ते कळतच नाही. बोलणे ऐकू येते, पण 'स', 'श'सारखी अक्षरे निसटतात. तसाच निसटू लागतो वाळलेल्या पानांचा आवाज.

सिंदेवाहीत ही बाब साधी नाही. मे २०२५ मध्ये याच तालुक्यातील मेंढा (माल) येथील तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात दगावल्या. त्या घटनेचा इअरफोनशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण अशा जंगलात मोहफुले वेचणाऱ्याला, गुरे चारणाऱ्याला डोळ्यांइतकाच कानांचा आधार असतो. वानरांचा खोकल्यासारखा इशारा, चितळाचा पुकारा, पानांची सळसळ, सोबतिणीची हाक. वाघ चाहूल लागू देत नाही. ती जंगलच देते, आणि दरवेळी देईलच असे नाही. मिळणारा इशाराही गाण्याखाली दाबून टाकणे परवडणारे नाही.

'एकाच कानात घालतो' हा त्यावरचा उपाय नव्हे. आवाज कुठून आला हे मेंदू दोन्ही कानांतल्या फरकावरून ठरवतो. एका कानापर्यंत तो दुसऱ्यापेक्षा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ आधी पोहोचतो, आणि तेवढ्यावर दिशा कळते. एक कान बंद असेल तर आवाज ऐकू येईल, पण पळायचे कुठे ते कळणार नाही. गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्ग ओलांडतानाही हेच लागू आहे.

गाणे सोडावे असे कोणी म्हणत नाही. रेंज असेल तिथे गाणी मोबाइलमध्ये उतरवून घ्यावीत. काही वर्षांपूर्वी मेमरी कार्डात भरून घेत होतो तशीच. घरी, अंगणात, आवाज अर्ध्याच्या थोडा वर ठेवून ऐकावीत. कानात गुणगुण होत असेल, टीव्हीचा आवाज घरातल्यांपेक्षा मोठा लागत असेल, तर शासकीय रुग्णालयात कान तपासून घ्यावेत. कानात तेल घालून हा बहिरेपणा जात नाही.

आणि जंगलात इअरफोन नकोच. तेंदूच्या हंगामात गटाने जा, उजाडण्यापूर्वी जाऊ नका, अशा सूचना वन विभाग देतो. त्यांत ही एक ओळ वाढवायला खर्च येत नाही. ग्रामसभेत, तेंदूपत्ता फळीवर आणि शाळेतही ती सांगितली जावी. कारण जंगलात जाणाऱ्या आईच्या मोबाइलमध्ये गाणी भरून देणारी बहुधा शाळेतली मुलेच असतात.