बघण्यासारखं काय आहे?

मराठी माणसाला कुठल्याही गावाचं नाव सांगा, तो पहिला प्रश्न विचारणार : "तिथं बघण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न वेरूळला शोभतो, महाबळेश्वरला शोभतो. पण बाजारपेठेच्या गावाबद्दल तो विचारणं म्हणजे किराणा दुकानात शिरून "इथं वाचण्यासारखं काय आहे?" असं विचारण्यापैकी आहे.

दोन दिवस मालेगावला जाऊन राहायचं मी ठरवलं. नुसतं ठरवलं, तरी आमच्या बिल्डिंगमध्ये खळबळ उडाली. एकाने हलक्या आवाजात विचारलं, "कुणी गेलं का?" दुसऱ्याने कोर्टाच्या तारखेची चौकशी केली. तिसरा भूगोलवाला. तो म्हणाला, "कुठलं मालेगाव? बारामतीजवळचं, साखर कारखान्याचं? की नांदेडकडचं, खंडोबाच्या यात्रेचं?" नाशिक जिल्ह्यातलं, म्हटल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जपून हं!"

त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका-काकू स्पेनला निघाले होते. तिथल्या कॅटलोनियात 'विक' नावाचं बाजाराचं जुनं गाव आहे. लिहायचं विक आणि म्हणायचं बिक. बार्सिलोनाहून आगगाडीने तास-सव्वातास. चौकात मंगळवारी नि शनिवारी बाजार भरतो. जुना वाडेवजा किल्ला पाडताना १८८२ साली त्याच्या पोटात रोमन देऊळ सापडलं. काकूंनी ही सगळी माहिती मला जिन्यात उभ्याउभ्या दिली. त्यांना "जपून हं" असं कुणी म्हणालं नाही.

विकबद्दल माझी तक्रार नाही. सुखाने जावं, तिथली सॉसेजं खावीत किंवा चतुर्थी असेल तर नुसती बघावीत. माझा सवाल एवढाच आहे : नदी, किल्ला, बाजार यांतलं मालेगावात काय नाही?

नदी म्हणाल तर गावाच्या मधून मोसम वाहते आणि पुढे गिरणेला मिळते. किल्ला म्हणाल तर पेशव्यांचे सरदार नारो शंकर राजेबहाद्दर यांनी १७४० साली बांधायला घेतलेला भुईकोट आहे. नारो शंकरांची नाशिकच्या देवळावरची घंटा आपल्या भाषेत जाऊन बसली. त्यांचा किल्ला मात्र आपल्या डोक्यातून निसटला. १८१८ साली ३ जूनला दुसरा बाजीराव इंग्रजांना शरण गेला. शाळेतल्या इतिहासाचं पुस्तक तिथं मिटतं. मालेगावच्या किल्ल्यातल्या अरब शिपायांनी मात्र ते मिटू दिलं नाही. मेअखेरचा इंग्रजांचा हल्ला त्यांनी परतवला होताच, आणि धनी शरण गेल्यावरही दारूखान्यावर गोळा पडून स्फोट होईपर्यंत, म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत, ते लढत राहिले. युरोपात एवढ्या भांडवलावर तिकीटघर उघडलं असतं. आपल्याकडे किल्ल्यात शाळा भरते. हे मला त्याहून बरं वाटतं, पण बाहेर चार ओळींची पाटी लावायला कुणाची हरकत आहे?

आता माल. सत्तावन्नच्या बंडानंतर आणि पुढच्या दुष्काळात उत्तरेकडचे मोमीन विणकर आग्रा रोडने खाली आले नि इथं स्थिरावले. हातमागाचे यंत्रमाग झाले. आज गल्लीगल्लीतून ती खटाखट ऐकू येते. इथलं बरंचसं कापड कोरंच बाहेर पडतं आणि पाली-बालोतऱ्याकडे जाऊन रंग लेवून येतं. म्हणजे विणलं मालेगावने, नाव दुसऱ्याचं. आपल्या अंगावरच्या अस्तराला कदाचित मालेगाव ठाऊक असेल, आपल्याला नाही!

म्हणून माझा बेत असा. मालेगावला रेल्वे नाही. मनमाडला उतरायचं नि एसटी धरायची. पोचायचं गुरुवारी, कारण माग शुक्रवारी बंद असतात. शुक्रवारीच पोचणारा माणूस परत येऊन सांगणार की गाव फार शांत आहे. गुरुवारी माग ऐकायचे, शुक्रवारी सुटीवरची माणसं बघायची. याच शुक्रवारच्या प्रेक्षकांतून शेख नासिर यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. पुढे या मंडळींनी सायकलवर कॅमेरा धरून ट्रॉली केली, बैलगाडीची क्रेन केली. त्यांच्यावर २०२५ साली मुंबईवाल्यांनी मोठा चित्रपट काढला, तेव्हा आमच्या बिल्डिंगने तो पाहिला आणि "किती गोड!" म्हटलं. गाव पडद्यावर गोड. एसटीत बसायचं म्हटलं की "जपून हं"!

शनिवारी सकाळी जवळच्या चंदनपुरीला. "तिथं बघण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न खंडोबाने विचारला नव्हता. तो बाणाईसाठी तिथं आला नि तिच्या बापाची मेंढरं राखत राहिला. देवाला जमलं, आपल्याला दोन दिवस जमू नयेत?

आता त्या "जपून हं"बद्दल. ८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बारातला, मालेगावात कबरस्तानापाशी बॉम्ब फुटले. २९ सप्टेंबर २००८ ला पुन्हा फुटला. मेली ती मालेगावचीच माणसं. ज्यांच्या घरातली माणसं गेली, त्यांनाच आपण वर्षानुवर्षं भितो आहोत, हा न्याय कुठला? मुंबईत बॉम्ब फुटले म्हणून कुणी राणीचा बाग बघायचा सोडला नाही. बार्सिलोनात २०१७ साली भर रस्त्यात माणसं चिरडली गेली. काकूंना ते ठाऊक आहे, आणि त्या गेल्या हे चांगलंच केलं. तेवढंच धैर्य मनमाडच्या तिकिटाला लागत नाही.

शहाणीसुरती माणसंसुद्धा आग्रा रोडने गाडीच्या काचा वर करून मालेगाव ओलांडतात. काहीजण नातेवाइकांकडे कॅम्पात येतात, जेवतात नि मोसम पूल न ओलांडता परततात. त्यांना माझी विनंती आहे : पूल ओलांडा. पलीकडे चहा मिळतो. तो पिताना समोरच्याला विचारा, "कापडाला सध्या भाव काय?" मालेगावात हा प्रश्न विचारला की पुढचा तासभर तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.