देवघराचा वारसा

वडिलार्जित जमिनीची वाटणी करतां येते, वाड्याचे खण मोजून देतां येतात, तांब्यापितळेच्या भांड्यांवर नांवें घालून तीं लेकीसुनांच्या हवालीं करतां येतात. परंतु आजोबांच्या ओठांवरची प्रार्थना नातवाच्या अंतःकरणांत कशी उतरते, हें कोणत्याही वाटणीपत्रांत लिहिलेलें आढळत नाहीं. जमीन बुडली तर तिचा मोबदला मिळतो; श्रद्धेचा वारसा बुडाला तर दाद मागावयास कचेरी नाहीं. म्हणूनच या विषयावर आमच्या वाचकांशीं दोन शब्द बोलण्याचें योजिलें आहे.

निमित्तही तसेंच घडलें. घोडनदीच्या खोऱ्यांतील एका सुविद्य गृहस्थांचें पत्र आम्हांस आलें. त्यांच्या चिरंजीवांनीं स्वसंमतीनें विवाह केला. सूनबाई जन्मानें ख्रिस्ती. मुलगी शालीन, सुशिक्षित, घरांत दुधांतल्या साखरेसारखी मिसळलेली; तिच्याविषयीं कोणाची तक्रार नाहीं. मात्र दिवेलागणीस आजीबाई नातीला देवापुढें बसवून शुभंकरोति म्हणवून घेतात, नेमक्या त्याच वेळीं सूनबाई आपल्या खोलीचें दार लोटून प्रार्थना करिते. एके सायंकाळीं पांच वर्षांच्या नातीनें विचारलें, "आजी, आई दार लावून देवाशीं काय बोलते? तिचा देव आपल्यावर रागावला आहे का?" या एका प्रश्नानें घरांत दोन दिवस कोणास अन्न गोड लागलें नाहीं. पत्रलेखक विचारतात, "मुलीनें कोणाची प्रार्थना शिकावी, तें आपण सांगावें."

शास्त्रार्थाचा निवाडा देण्याचा आमचा अधिकार नाहीं. पण ज्या एका मराठी घरावरून हाच प्रसंग याहून शतपट तीव्र होऊन गेला, त्या घराची हकीकत सांगणें आमच्या अधिकारांत आहे. तें घर म्हणजे कविवर्य नारायण वामन टिळकांचें.

टिळकांचा जन्म १८६१ सालीं कोंकणांत चित्पावन कुळांत झाला. संस्कृताचा व्यासंग, शीघ्र कवित्व, आणि एका जागीं न ठरणारें मन, अशी त्यांची प्रकृति होती. नागपुराकडून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन गृहस्थाची गांठ पडली. त्यानें बायबलांतील नवा करार वाचावयास दिला. टिळकांनीं तो आरंभीं टीकाकाराच्या दृष्टीनें उघडला, पण डोंगरावरील प्रवचनापाशीं ते थबकले. पुढें बराच काळ अंतःकरणाशीं झगडून १० फेब्रुवारी १८९५ रोजीं त्यांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

ही वार्ता घरीं पोंचली तेव्हां लक्ष्मीबाईंवर जो आकाशाचा कडा कोसळला, त्याचें वर्णन त्यांनींच 'स्मृतिचित्रें' या आपल्या आत्मचरित्रांत करून ठेविलें आहे. पति जिवंत, पण संसार मोडलेला. पदरीं लहान पुत्र. माहेर कर्मठ, सोवळ्याओवळ्याचें. सुमारें पांच वर्षें त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढें सहवास पुनः सुरू झाल्यावरही त्यांनीं आपलें सोवळें एकाएकीं सोडलें नाहीं. पति ख्रिस्तभक्त, पत्नीची चूल निराळी, असें तें दिवस काढणें होतें.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पतीच्या आज्ञेनें लक्ष्मीबाईंनीं धर्म बदलला नाहीं. त्यांच्या मनांत प्रथम जो प्रश्न उभा राहिला तो येशूविषयींचा नव्हता. तो पाण्याच्या तांब्याविषयींचा होता. जाति देवानें केल्या कीं माणसानें? देवानें केल्या असत्या तर पशुपक्ष्यांप्रमाणें माणसांच्या देहांतही तो भेद दिसला असता. असा विचार त्यांचा त्यांनींच केला, आणि ज्या दिवशीं तो पुरा झाला त्या दिवसापासून कोणाच्याही हातचें खाण्यापिण्यास त्या तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० सालीं. शाळेचें तोंड न पाहिलेली ही बाई विचारांत कोणाची उसनवारी करीत नव्हती. पतीनें वाट दाखविली असेल. पावलें तिचीं स्वतःचीं होतीं.

आतां टिळकांकडे पाहा. धर्म बदलला, पण त्यांनीं नांव बदललें नाहीं. नारायण वामन हे नारायण वामनच राहिले, लक्ष्मीबाई लक्ष्मीबाईच, आणि दत्तूचा देवदत्त झाला तोही आपल्याच भाषेंत. परदेशी चालीवर बेतलेलीं गीतें मराठी कंठास परकीं वाटतात हें ओळखून त्यांनीं ख्रिस्तभक्तीस अभंग, ओवी आणि कीर्तन यांचा वेष दिला. महाराष्ट्रांतील प्रार्थनामंदिरांत त्यांचीं भजनें आजही म्हटलीं जातात. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांशीं आलों, असें ते सांगत असत.

त्यांच्या घरची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवि, हे अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) टिळकांच्या घरीं पुत्रवत् राहिले. लक्ष्मीबाईंनीं त्यांचे लाड केले, रुसवेही काढले. टिळक हे धर्मप्रसाराच्या कार्यास वाहून घेतलेले गृहस्थ. तथापि त्यांच्या छपराखालीं वाढलेला हा कवि अखेरपर्यंत आपल्याच धर्मांत राहिला, आणि त्यामुळें मायेंत अंतर पडलें नाहीं. मतास प्रेम बळी देणें सोपें असतें. आपलें मत न सोडतां प्रेम राखणें कठीण, आणि तें या घरास साधलें होतें.

त्या घरांतला वारसा कसा उतरला त्याची साक्ष 'ख्रिस्तायन' हा ग्रंथ देतो. येशूचें चरित्र ओवींत गाण्याचा संकल्प टिळकांनीं सोडला. सुमारें अकरा अध्याय झाले, आणि मे १९१९ मध्यें ते वारले. उरलेलें काम लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें व एक ना दोन, ६४ अध्याय रचिले. ज्या श्रद्धेपायीं एके काळीं त्यांचा संसार उधळला, तिचेंच गाणें पतीच्या मागें त्यांनीं पुढें चालविलें! १९३६ सालीं त्याही गेल्या, आणि १९३८ सालीं देवदत्तांनीं तो ग्रंथ प्रसिद्ध केला. 'स्मृतिचित्रें' लिहून झालीं तींही याच पुत्राच्या आग्रहामुळें. पित्यानें आरंभिलें, मातेनें वाढविलें, पुत्रानें लोकांपुढें ठेविलें. श्रद्धेचें वाटणीपत्र असेल तर तें असें असावें.

कोणी म्हणेल, ही हकीकत परधर्मांत गेलेल्यांची. आम्हांस तिचा काय उपयोग? त्यांनीं आमच्याच जुन्नर तालुक्यांतील ओतूरपर्यंत चालावें. मांडवी नदीच्या कांठीं कपर्दिकेश्वराच्या सान्निध्यांत बाबाजी चैतन्यांची समाधि आहे. तुकोबांस स्वप्नांत येऊन रामकृष्णहरि हा मंत्र देणारे सद्गुरु ते हेच. तुकोबांच्या घरीं विठ्ठल कांहीं नवा नव्हता. त्यांचे पूर्वज विश्वंभरबाबा यांच्यापासून देहूस विठ्ठलाची सेवा पिढ्यानपिढ्या चालत आली होती. म्हणजे देव वडिलार्जित होता, देऊळ वडिलार्जित होतें, वारीही वडिलार्जित होती. तरीदेखील तुकोबांस स्वप्नांतल्या सद्गुरूची गरज लागली. वारशानें देवाचा पत्ता मिळतो. तेथवर चालत ज्याचें त्यालाच जावें लागतें. देहूचे तुकाराम आणि कोंकणांतले टिळक यांच्यामधील तो पूल असा आमच्या ओतुरावरून जातो, याचें आम्हांस मोठें कौतुक वाटतें.

ओतुराहून फार दूर नसलेलें आळें हें गांव दुसरा धडा देतें. ज्ञानोबांनीं ज्याच्या मुखांतून वेद वदविले असें सांगतात, त्या रेड्याची समाधि तेथें आहे. वेद उच्चारले म्हणून त्या मुक्या जीवास कोणी शास्त्रीबोवा म्हटलें नाहीं. लोक तेथें माथा टेकतात तो ज्ञानोबांच्या सहवासामुळें. मुलाबाळांकडून स्तोत्रें घडघड म्हणवून घेणाऱ्या आम्हां वडील मंडळींनीं ही समाधि एकदां अवश्य पाहून यावी. आम्हीं शाळेंत हयातभर मुलांकडून पाढे पाठ करून घेतले. पाढा पाठ करवितां येतो. गणिताची गोडी पाठ करवितां येत नाहीं. ती गोडी लागते कधीं? मास्तर स्वतः एखादें उदाहरण आनंदानें सोडवीत बसलेला मुलांच्या दृष्टीस पडतो, तेव्हां.

पंडिता रमाबाईंचें उदाहरणही आपल्याच जिल्ह्यांतलें आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या मातेनें तें कन्येस शिकविलें. कन्येनें १८८३ सालीं इंग्लंडांत ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पण आईबापांनीं दिलेली विद्या तिनें टाकून दिली नाहीं. तीच विद्या केडगांवच्या मुक्तिसदनांत, मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबल सुबोध मराठींत आणण्याच्या कामीं आली. कन्या मनोरमा १९२१ सालीं आईच्या आधीं गेली. तें दुःख उरांत ठेवून रमाबाईंनीं भाषांतर पुरें केलें, आणि एप्रिल १९२२ मध्यें देह ठेविला. शास्त्रीबोवांचें देवघर कन्येनें चालविलें नाहीं हें खरें. पण पहांटे उठवून मुलीला पाठ देणाऱ्या त्या मातेची निष्ठा तिच्यांत उतरली नाहीं असें कोण म्हणेल? वारसा देणाऱ्यास तो पुढें कोणतें रूप घेईल तें ठरवितां येत नाहीं. हें कटु वाटेल, पण हें खरें आहे.

आणि आपला हा प्रदेश तर अशा रूपांतरांस सरावलेला आहे. नाणेघाटांतील लेण्यांत सातवाहन राणीनें केलेल्या वैदिक यज्ञांची नोंद कोरलेली आहे. त्याच तालुक्यांत बौद्ध भिक्षूंसाठीं कोरलेलीं लेणीं डोंगरोडोंगरीं पसरलीं असून त्यांच्या दात्यांत यवनांचींही नांवें आहेत. लेण्याद्रीस तर भिक्षूंच्या विहारांतच गिरिजात्मज गणपति विराजमान आहे, आणि भाविक पायऱ्या चढतांना हा विहार कोणाचा असा प्रश्न कोणी करीत नाहीं. तिकडे आंबेगांव तालुक्यांत, ज्या गांवावरून तालुक्याचें नांव पडलें तें जुनें आंबेगांवच डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. ओसरी, अंगण, पार सर्व बुडालें. पण उठून गेलेल्या माणसांनीं नव्या ठिकाणीं पहिला दिवा लावला तो जुन्याच देवाचें नांव घेऊन. जें दगडाविटांत होतें तें राहिलें. जें माणसांच्या मुखीं होतें तें त्यांच्याबरोबर चालत गेलें.

आतां आमच्या पत्रलेखक स्नेह्यांस उत्तर. आपल्या नातीनें जो प्रश्न केला त्याचा रोख आमच्या मतें धर्माकडे नसून बंद दाराकडे आहे. मुलांस देव दोन असल्याचें भय वाटत नाहीं. त्यांना माणसें दोन बाजूंस बसल्याचें भय वाटतें. म्हणून पहिली गोष्ट आपण आणि आजीबाईंनीं मिळून करावी, ती ही कीं सूनबाईंना म्हणावें, "मुली, या घरांत देवाशीं बोलावयास दार लावण्याचें कारण नाहीं. माजघरांत बैस." तिला संकोच वाटला तर घाई करूं नये, आमंत्रण पोंचलें म्हणजे पुरे. आजीबाईंनीं शुभंकरोति सोडावी असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. उलट ती अधिक प्रेमानें म्हणावी, अर्थ सांगून म्हणावी. सूनबाईंनींही आपली प्रार्थना मुलीस ऐकूं येईल अशा स्वरांत करावी. मात्र दोघींनींही एक पथ्य पाळावें: एकीनें दुसरीच्या प्रार्थनेवर, मुलीच्या देखत वा माघारीं, टीकेचें अक्षर काढूं नये. मुलें आपलें शिकविणें विसरतात, पण कुजबूज विसरत नाहींत.

मुलगी मोठी झाल्यावर काय करील? कदाचित् आजीची वाट धरील, कदाचित् आईची. कदाचित् टिळक दंपतीप्रमाणें दीर्घकाळ झगडून स्वतःची शोधील. तें आज ठरविण्याचा हट्ट आपण धरूं नये. तिनें सायंकाळीं हात जोडलेलीं, डोळे मिटलेलीं, एकमेकांविषयीं निर्वैर अशीं दोन माणसें रोज पाहिलीं, तर प्रार्थना ही खरी वस्तु आहे एवढें तिला निश्चित कळेल. तेवढें कळलेलें मूल देवास पारखें होत नाहीं.

दिवा कोणत्या तेलाचा लावावा यावर घरांत वाद झाला तर एक रात्र अंधारांत जाईल. आणि लहान मूल अंधारांत भितें. तेव्हां प्रथम दिवा लावावा, हेंच आमचें नम्र सांगणें आहे.