दुहेरी काचेचा हिशेब

छपरावर वीज तयार करणे ही आता केवळ हौशी लोकांची गोष्ट राहिलेली नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेने एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले आणि संचाला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. हे अनुदान किलोवॅटवर मोजले जाते. पॅनेलच्या पाठीला काच आहे की प्लॅस्टिक, यावर नव्हे. कर्ज काढून संच बसविणाऱ्या मध्यमवर्गीयाला मात्र हा भेद महत्त्वाचा ठरू शकतो.

एकेरी काचेच्या पॅनेलला पुढे साधारणतः ३.२ मिलिमीटरची काच व मागे प्लॅस्टिकचे बहुपदरी आवरण असते. या आवरणातून बाष्प हळूहळू आत झिरपते. उष्णता व ओलावा यांमुळे आतील ‘ईव्हीए’च्या थरातून ॲसिटिक आम्ल सुटते आणि ते धातूच्या जोडण्या खाते. आवरणच तडकले, तर पावसाळ्यात वीज गळू लागते व इन्व्हर्टर बंद पडतो. २०१० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या पॅनेलांवरील पॉलिअमाइडची आवरणे थोड्याच वर्षांत तडकल्याचे अनेक ठिकाणी आढळले. २५ वर्षांच्या हमीचे कागद तेव्हाही ग्राहकांच्या हाती होतेच!

मागेही काच असली की बाष्पाची वाट बहुतांशी बंद होते. उरतात त्या फक्त कडा. म्हणून विक्रेते ३० वर्षांची हमी पुढे करतात. परंतु दरसाल ८ टक्के व्याजाने, २५ वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाचे आजचे मोल अवघे १५ पैसे भरते. अखेरच्या पाच वर्षांसाठी आज मोठी जादा किंमत मोजणे व्यवहाराला धरून नाही. दुहेरी काचेचा खरा लाभ पहिल्या पंधरा वर्षांतील बिघाड टळण्यात आहे. आणि मालवण-रत्नागिरीच्या दमट, खाऱ्या हवेत तो जितका, तितका सोलापूरच्या कोरड्या हवेत नाही.

शिवाय दुहेरी पॅनेलची प्रत्येक काच बहुधा २ मिलिमीटरचीच असते. इतकी पातळ काच पूर्णपणे टेम्पर करणे अवघड असते. पॅनेले मोठी झाली, चौकटी हलक्या झाल्या आणि गारपिटीवाचूनही काचा तडकू लागल्याचे अमेरिकेतील संशोधकांनी अलीकडे नोंदविले आहे. प्रचलित चाचणीतील गार २५ मिलिमीटर व्यासाची असते. मराठवाड्याने २०१४ साली पाहिलेल्या गारा त्या मापाला जुमानणाऱ्या नव्हत्या. वजनही जास्त, तेव्हा जुन्या पत्र्याच्या छपराची ताकद आधी तपासावी लागते.

काचेची जाडी, तिचे टेम्परिंग, मागील आवरणाचे द्रव्य आणि काच फुटल्यास हमी लागू होते की नाही, एवढे तरी कोटेशनवर लिहिणे अनुदान देणाऱ्या शासनाने सक्तीचे करावे.