कशाचे? आणि कितींपैकी?

आमच्या घरात सध्या तीन महाविद्यालयीन विद्यार्थी नांदत आहेत. थोरला नातू वाणिज्य शाखेत आहे, धाकट्याने संख्याशास्त्र घेतले आहे, आणि माझ्या धाकट्या बंधूंची नात जीवशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. रात्रीची जेवणे उरकली, की ही तिन्ही मुले माजघरात आपापल्या वह्या पसरून बसतात आणि अडले म्हणजे माझ्याकडे येतात. वास्तविक माझे शिक्षण शालान्त परीक्षेपुढे गेले ते संस्कृत व्याकरणाच्या वाटेने. त्यांच्या विषयांत मी त्यांचा गुरू नव्हे, फार तर सहाध्यायी. तथापि पस्तीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्यामुळे उत्तर चुकले असता ते कोणत्या पायरीवर चुकले, एवढे ओळखण्याची सवय हाताला लागली आहे.

गेल्या महिन्यात एकाच आठवड्यात तिघांची तीन उदाहरणे माझ्यापुढे आली, आणि तिन्ही एकाच पायरीवर अडलेली होती. त्यांपैकी तिसऱ्या उदाहरणाचा आमच्या घराशी फार जवळचा संबंध होता, व त्यातून माझीच एक जुनी चूक बाहेर पडली. ती सांगण्यासाठीच आजचा लेख लिहीत आहे. पण ती क्रमानेच आलेली बरी.

व्याकरणाचा विद्यार्थी प्रथम षष्ठी विभक्ती शिकतो ती संबंध दाखविणारी म्हणून. ‘अर्धे’ एवढाच शब्द कोणी उच्चारला, तर श्रोत्याच्या मनात ‘कशाचे?’ ही आकांक्षा उरतेच. एखाद्या समूहातून एकाला निवडून दाखवावयाचे असता पाणिनीने समूहवाचक शब्दाला षष्ठी किंवा सप्तमी सांगितली आहे. यालाच निर्धारण म्हणतात. ‘मुलांमध्ये हा उंच’ असे म्हणावयाचे तर आधी ‘मुलांमध्ये’ हे पद हवे, कारण मुलांमध्ये उंच असलेला मोठ्या माणसांमध्ये ठेंगणा ठरू शकतो. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या लीलावतीतील त्रैराशिकातही हीच अट आहे. प्रमाण, फल व इच्छा या तीन राशींपैकी प्रमाण आणि इच्छा या एकाच जातीच्या असल्या पाहिजेत. राशी मांडण्यापूर्वी त्यांची जात पाहावी लागते. हल्लीच्या शास्त्रांतील शेकडेवारी व संभाव्यता यांनाही हा नियम तसाच लागू आहे.

आता पहिले उदाहरण घेऊ. थोरला नातू ‘मागणीची लवचिकता’ सोडवीत होता. आल्फ्रेड मार्शल या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात ही कल्पना रूढ केली. किंमत शेकडा अमुक बदलली असता मागणी शेकडा किती बदलते, याचे ते गुणोत्तर होय. उदाहरण असे : वडापावाची किंमत २० रुपयांवरून २५ रुपये केली, तेव्हा रोजची विक्री १२० वरून १०० वर आली, लवचिकता काढा.

नातवाने २० वर ५ म्हणजे शेकडा २५ वाढ, आणि १२० वर २० म्हणजे शेकडा १६.६७ घट असे धरून उत्तर ०.६७ काढले. शेजारी बसलेल्या त्याच्या मित्राने तेच उदाहरण उलट दिशेने केले. किंमत २५ वरून २० झाली म्हणजे शेकडा २० घट, विक्री १०० वरून १२० झाली म्हणजे शेकडा २० वाढ, उत्तर १. दुकान एक, वडे तेच, आणि उत्तरे दोन! पुस्तक चुकले म्हणून दोघे भांडू लागले.

मी विचारले, “शेकडा कशाचे?” तेव्हा उलगडा झाला. एकाने २० चे शेकडा घेतले होते, दुसऱ्याने २५ चे. पाच रुपये तेच, पण षष्ठी बदलली होती. हा तंटा मिटविण्यासाठी अर्थशास्त्राने मध्यबिंदूची रीत स्वीकारली आहे. दोन किमतींचा मध्य २२.५० आणि दोन विक्रींचा मध्य ११० धरावा. मग किमतीतील बदल शेकडा २२.२, विक्रीतील बदल शेकडा १८.२, आणि लवचिकता ०.८२ येते. वर जा वा खाली या, उत्तर तेच राहते. हे उत्तर १ पेक्षा कमी आहे. याचा अर्थ असा, की किंमत वाढली असता गल्ला वाढला पाहिजे. पडताळा पाहावा : पूर्वी २० गुणिले १२० म्हणजे २४०० रुपये, आता २५ गुणिले १०० म्हणजे २५००. बरोबर जमते. मित्राच्या १ या उत्तरावरून मात्र गल्ला होता तेवढाच राहावयास हवा होता. अर्थात हे सारे इतर परिस्थिती कायम असता. त्याच दिवसांत शाळांना सुट्टी लागली असेल, तर विक्री घटण्याचे कारण निराळेच असू शकेल.

दुसरे उदाहरण याहून फसवे आहे. अमेरिकेतील हार्वर्डच्या वैद्यकीय वर्तुळात साठ जणांना एक प्रश्न घालण्यात आला होता. त्यांत डॉक्टर होते व विद्यार्थीही होते. त्याचा वृत्तान्त १९७८ साली प्रसिद्ध झाला. प्रश्न असा : एक रोग हजारांत एकाला असतो. त्याची एक चाचणी निरोगी माणसांपैकी शेकडा पाचांना चुकून रोगी ठरविते. एका माणसाची चाचणी होकारार्थी आली. त्याच्याविषयी दुसरे काहीही ठाऊक नाही. त्याला खरोखर रोग असण्याची शक्यता किती?

धाकट्या नातवाने तत्काळ ‘शेकडा ९५’ असे सांगितले. त्याला हसण्याचे कारण नाही. त्या साठ जणांपैकी जवळजवळ निम्म्यांनी हेच उत्तर दिले होते, आणि बरोबर उत्तर देणारे अवघे अकरा निघाले.

येथे शेकडेवारी बाजूला ठेवून माणसे मोजावी. हजार माणसे अंगणात उभी आहेत असे समजा. रोगी एक. खऱ्या रोग्याच्या बाबतीत चाचणी चुकत नाही असे धरू. म्हणजे तो सापडला. उरले ९९९ निरोगी. त्यांच्यातील शेकडा पाच, म्हणजे सुमारे पन्नास, चुकून रोगी ठरले. होकारार्थी चाचणीचे कागद हातात घेऊन एका बाजूला उभे राहिले एकंदर ५१ जण, आणि त्यांत खरा रोगी एकच. एक्कावन्नांपैकी एक म्हणजे शेकडा दोनच्या आसपास. नातवाने ‘निरोगी माणसांपैकी पाच’ याचे ‘होकारार्थी आलेल्यांपैकी पाच’ असे करून टाकले होते. समूह बदलला, आणि दोनाचे पंच्याण्णव झाले.

या जातीच्या विचाराला टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचे नाव आहे. तो १७६१ मध्ये वारला, आणि त्याचा निबंध त्याच्या मित्राने पुढे आणल्यावर १७६३ मध्ये छापला गेला. व्यवहारात यातून घ्यावयाचे ते एवढेच, की लक्षणे नसताना केलेली एखादी चाचणी होकारार्थी आली म्हणून घरात रडारड करू नये. पुढील तपासणी करावी. पण ज्याला लक्षणे आहेत, किंवा ज्याच्या घरी तो रोग आहे, तो मनुष्य हजारांत एकाच्या समूहातील नव्हे. त्याने निष्काळजी राहूनही चालणार नाही.

त्याच रात्री बंधूंच्या नातीने आपले उदाहरण मोठ्याने वाचले : “आई व वडील दोघेही थॅलॅसीमियाचे वाहक आहेत. त्यांची एक मुलगी निरोगी आहे. ती वाहक असण्याची शक्यता किती?”

माजघरात क्षणभर कोणी बोलले नाही. कारण या मुलीच्या थोरल्या भावाला तोच विकार आहे. तो वर्षाचा होण्याच्या आतच कळले. त्याच्या शरीरात तांबड्या पेशी नीट तयार होत नाहीत, म्हणून दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त द्यावे लागते, आणि त्या रक्ताबरोबर साचणारे लोह काढण्यासाठी कायम औषध चालू असते. उदाहरणातील आईवडील म्हणजे माझा पुतण्या आणि आमच्या सूनबाई. निरोगी मुलगी म्हणजे वाचणारी स्वतः.

वाणिज्यवाला नातू हळूच म्हणाला, “निम्मी.” मलाही प्रथम तसेच वाटले. वाहक आईजवळ एक सदोष व एक निर्दोष असे दोन जनुक असतात, वडिलांजवळही तसेच; प्रत्येकाकडून एकेक मुलाकडे येतो. चार प्रकार संभवतात : एक रोगी, दोन वाहक, एक पूर्ण मुक्त. चारांपैकी दोन वाहक, म्हणजे निम्मे.

मुलीने माझ्याकडे पाहिले आणि माझाच प्रश्न मला विचारला, “आजोबा, कितींपैकी?”

मुलगी निरोगी आहे हे उदाहरणातच सांगितले आहे. तेव्हा रोग्याचा प्रकार बाद झाला. उरले तीन, आणि त्यांत वाहक दोन. उत्तर दोन-तृतीयांश. निम्म्यापेक्षा बरेच अधिक.

हे केवळ कागदी गणित नव्हे. ग्रेगोर मेंडेल याने ब्र्नो येथील मठाच्या बागेत वाटाण्यांवर जे प्रयोग केले व १८६६ साली प्रसिद्ध केले, त्यांत हेच तपासले होते. संकरित झाडांपासून त्याला ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले दाणे मिळाले. म्हणजे जवळजवळ तीनास एक. पुढे त्याने गोल दाण्यांतून ५६५ झाडे वाढविली. त्यांपैकी १९३ झाडांनी फक्त गोल दाणे दिले, आणि ३७२ झाडांनी गोल व सुरकुतलेले असे दोन्ही दिले. वरून सारखेच गोल दिसणाऱ्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश दाणे आत सुरकुती लपवून होते. आमच्या मुलीचे उत्तर त्या मठाच्या बागेत दीडशे वर्षांपूर्वीच तपासून झालेले होते.

आता माझी चूक सांगतो. या मुलीच्या जन्मापूर्वी डॉक्टरांनी पुतण्याला सांगितले होते, की प्रत्येक अपत्याच्या बाबतीत धोका चारांत एक आहे, आणि गर्भावस्थेतच तपासणी करता येते. घरातला शिकलेला वडीलधारा म्हणून दोघांनी मला विचारले. मी म्हणालो, “चारांतला एक होऊन गेला. आता पुढची तीन निर्धास्त.” त्यांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला व तपासणी केली नाही. मुलगी निरोगी जन्मली, आणि काकांचे गणित खरे ठरले असे सर्वांनी मानले.

ते गणित साफ चुकीचे होते. ‘चारांपैकी एक’ हे त्या दांपत्याच्या चार मुलांविषयी नव्हते. ते दर गर्भधारणेला जुळू शकणाऱ्या चार प्रकारांविषयी होते. फासा दर वेळी नव्याने पडतो. मागच्या वेळी काय दान पडले हे त्याला ठाऊक नसते. धोका पुन्हा चारांत एकच होता. मी षष्ठी चुकविली होती, आणि तीही वहीत नव्हे, एका घराच्या आयुष्यात.

दोन-तृतीयांश हे उत्तर देखील तपासणी होईपर्यंतचेच. रक्तातील हीमोग्लोबिनच्या प्रकारांची तपासणी केली म्हणजे मनुष्य वाहक आहे की नाही हे बहुधा निश्चित कळते. मुलगी दुसऱ्याच दिवशी रक्त देऊन आली. तिचा अहवाल तिचा आहे. तो या पानावर येणार नाही. परंतु विवाहयोग्य मुले ज्या घरांत आहेत, त्यांना एवढे सांगणे माझे कर्तव्य आहे. वाहक म्हणजे रोगी नव्हे. तो सर्वांसारखे आयुष्य जगतो. वधूवरांपैकी एकच वाहक असेल, तर अपत्याला हा तीव्र रोग होत नाही. अपत्य वाहक असण्याची शक्यता मात्र निम्मी असते. दोघेही वाहक असले तरच प्रत्येक अपत्याला चारांत एक धोका. म्हणून मुलीची तपासणी मागणाऱ्यांनी मुलाचीही करावी. पत्रिकेचा कागद पाहणाऱ्या घरांना हा दुसरा कागद जड वाटू नये. आणि आपल्या नात्यात कोणाला हा विकार असेल, तर देशाच्या सरासरीवर विसंबू नये. ती सरासरी साऱ्या देशाची आहे, तुमच्या घराची नव्हे.

मी पुतण्याजवळ व सूनबाईंजवळ चुकीची कबुली दिली. सूनबाई म्हणाल्या, “काका, तेव्हा तुम्ही धीर दिलात.” धीर दिला हे खरे. पण त्यांनी माझ्याकडे उत्तर मागितले होते, आणि उत्तर येत नसता मी धीरच उत्तर म्हणून दिला.

मुले अडली म्हणजे पालकांनी उत्तर सांगण्याची घाई करू नये. आकड्यापुढे ‘कशाचे’ किंवा ‘कितींपैकी’ हे पद पूर्ण शब्दांत लिहावयास लावावे. निम्मी उदाहरणे तेवढ्यानेच सुटतात. निम्मी कशाची, असे कोणी विचारील. तर माझ्याकडे आलेल्या वह्यांतील.

वाचकांसाठी या महिन्याचे उदाहरण : एका गृहस्थाचे वेतन प्रथम शेकडा १० ने कमी केले, आणि पुढील वर्षी शेकडा १० ने वाढविले. तो पूर्वपदावर आला काय? उत्तर पुढील अंकी. लिहिण्यापूर्वी षष्ठी तपासावी.