थेट दुसऱ्या वर्षात. पण पदवीपर्यंत किती?

पुणे-लोणावळा मार्गावरील सकाळच्या लोकलमध्ये मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव या स्थानकांवर चढणाऱ्या एखाद्या मुलाच्या पाठीवरील पिशवीतून ड्राफ्टर डोकावत असला, की तो अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे, एवढे सहप्रवाशांना कळते. तो पदवीचा की पदविकेचा, हे मात्र कळत नाही. मावळातील घरांच्या दृष्टीने खरा फरक तिथेच आहे. पवन मावळ, नाणे मावळ आणि आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांतील अनेक कुटुंबे दहावीनंतर मुलांना अकरावी-बारावी आणि सीईटीच्या वाटेने न पाठवता तंत्रनिकेतनात पाठवतात, त्यामागे सरळ हिशेब असतो. तीन वर्षांत हाती पदविका येते, तळेगाव किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळण्याची शक्यता निर्माण होते, आणि घरची परिस्थिती साथ देत असेल तर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. दहावीपासून मोजले तर दोन्ही वाटा सहाच वर्षांच्या. फरक इतकाच, की पदविकेच्या वाटेवर मधल्या टप्प्यावर उतरण्याची सोय आहे.

महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ १९६३ मध्ये स्थापन झाले. पदविकाधारकांना पदवीचे दार उघडे असणे ही आता या व्यवस्थेची अंगभूत बाब झाली आहे. या प्रवेशासाठी सीईटी नाही. पदविकेच्या अंतिम वर्षाच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते; खुल्या गटाला किमान ४५ आणि राखीव गटाला ४० टक्के गुणांची अट आहे. मंजूर प्रवेशक्षमतेच्या दहा टक्के जागा वाढीव म्हणून दिल्या जातात आणि त्याखेरीज पहिल्या वर्षी रिकाम्या राहिलेल्या जागाही याच प्रवेशातून भरता येतात. ही दुसरी तरतूद महत्त्वाची आहे. ज्या महाविद्यालयाचे पहिले वर्ष अर्धेमुर्धे भरते, त्याच्या दृष्टीने डिप्लोमाचा विद्यार्थी हा केवळ विद्यार्थी नसतो, तर पुढील तीन वर्षांच्या शुल्काची हमी असतो. प्रवेशाच्या हंगामात त्याचे स्वागत उत्साहाने होते, यात नवल नाही.

प्रश्न त्यानंतरचा आहे. दुसऱ्या वर्षात थेट आलेल्या या विद्यार्थ्यांपैकी किती जण ठरलेल्या तीन वर्षांत पदवी घेऊन बाहेर पडतात? किती जणांचे एक किंवा दोन वर्षे वाया जातात? किती जण मध्येच सोडून देतात? राष्ट्रीय क्रमवारीसाठी (एनआयआरएफ) महाविद्यालये जी माहिती भरून आपल्या संकेतस्थळावर ठेवतात, ती कोणीही उघडून पाहावी. त्यात पहिल्या वर्षात प्रवेश घेतलेल्यांचा एक रकाना आहे आणि थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांचा दुसरा. पण विहित मुदतीत उत्तीर्ण झालेल्यांसाठी रकाना एकच. अभियांत्रिकी अभ्यासक्रमांना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाच्या अहवालाचा नमुनाही याच धर्तीचा आहे. तिथेही थेट प्रवेशाची संख्या वेगळी विचारली जाते आणि यशाचे प्रमाण काढताना सर्वांची बेरीज केली जाते. आत येताना विद्यार्थ्याची ओळख वेगळी असते. बाहेर पडताना ती बेरजेत विरघळते. तळेगावचे वा लोणावळ्याचे महाविद्यालय या विद्यार्थ्यांच्या बाबतीत उत्तम काम करीत असेल, तरी ते पालकांना आकड्यांनिशी कळण्याचा मार्ग नाही, आणि वाईट काम करीत असेल तरीही नाही.

अमेरिकेत हा हिशेब ठेवला जातो, म्हणून तो बोचतोही. तेथे दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात शिकून नंतर चार वर्षांच्या विद्यापीठात जाण्याची प्रथा जुनी आहे. २००७ च्या हिवाळ्यापूर्वीच्या सत्रात अशा महाविद्यालयांत दाखल झालेल्या विद्यार्थ्यांचा माग काढून २०१६ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ३३ टक्के विद्यार्थी पुढे विद्यापीठात गेले, गेलेल्यांपैकी ४२ टक्क्यांनी पदवी मिळवली, म्हणजे सुरुवात केलेल्या शंभरांत सहा वर्षांनी पदवीधर झाले ते अवघे चौदा. नव्या ठिकाणी पहिल्याच सत्रात गुण घसरतात, याला तेथील अभ्यासकांनी १९६५ पासून ‘ट्रान्स्फर शॉक’ असे नाव दिले आहे. तिकडचे आणखी एक दुखणे म्हणजे श्रेयांकांची गळती. संस्था बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक नव्या ठिकाणी धरलेच जात नाहीत, असा अंदाज अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २०१७ मध्ये मांडला होता.

त्या तुलनेत महाराष्ट्रातील व्यवस्था उदार म्हणावी लागेल. इथे पदविकाधारकाला पदवीचे पूर्ण पहिले वर्ष नियमानेच माफ होते; एकेका विषयासाठी घासाघीस करावी लागत नाही. मात्र वर्ष माफ झाले म्हणजे त्या वर्षातला अभ्यासही झाला, असे धरून चालणे ही वेगळी गोष्ट. गाडे नेमके तिथे अडते, आणि बहुतेक वेळा ते गणितात अडते.

पदविकेच्या २०१७ च्या अभ्यासक्रमात बहुतेक शाखांचे गणित पहिल्या दोन सत्रांतच संपत असे. उरलेली दोन वर्षे विद्यार्थी यंत्रे, मापे, आरेखन, मंडले, संगणकाच्या भाषा यांत रमलेला असतो. त्या अभ्यासक्रमात चौथ्या सत्रानंतर सहा आठवडे तो कारखान्यात प्रत्यक्ष प्रशिक्षण घेऊन येत असे. हे सगळे उपयोगाचेच आहे. लेथसमोर किंवा सर्व्हेच्या साखळीपाशी बारावीहून आलेला विद्यार्थी चाचपडतो, तेव्हा डिप्लोमावाल्याचे हात सराईतपणे चालतात, हे कोणताही प्रयोगशाळा साहाय्यक सांगेल. पण हाच विद्यार्थी पुणे विद्यापीठाच्या दुसऱ्या वर्षात येतो, तेव्हा त्याच्यापुढे ‘एम-थ्री’ उभा राहतो. २०१९ च्या अभ्यासक्रमात स्थापत्य, विद्युत या शाखांना तो तिसऱ्याच सत्रात होता, म्हणजे डिप्लोमावाल्याच्या पहिल्याच सत्रात. उच्च क्रमाची अवकल समीकरणे, लाप्लास आणि फूरिए यांची रूपांतरे, सदिशांचे कलनशास्त्र हा त्याचा गाभा. या सर्वांचा पाया पहिल्या वर्षातील ‘एम-वन’ आणि ‘एम-टू’ मध्ये घातलेला असतो, आणि हेच वर्ष डिप्लोमावाल्याने वर्गात बसून काढलेले नसते. शेजारच्या बाकावरचा मुलगा मागील वर्षीच्या सरावावर समीकरण सोडवत असतो. याला मात्र दोन वर्षांपूर्वी सुटलेल्या इंटिग्रेशनची सूत्रे आठवावी लागतात. बुद्धीचा यात काही संबंध नाही. शिडीची एक पायरीच नसेल तर उंच मुलालाही पाय लांब टाकावा लागतो.

त्यात वेळापत्रकाची भर पडते. पदविकेचा निकाल, प्रवेशाचे अर्ज, गुणवत्ता यादी, एकामागून एक फेऱ्या या क्रमात प्रवेश लांबत जातात. दुसऱ्या वर्षाचे वर्ग मात्र त्यांच्यासाठी थांबत नाहीत. उशिराच्या फेरीत आलेला विद्यार्थी पुस्तके घेईपर्यंत पहिली चाचणी येऊन ठेपलेली असते. ज्या विषयात तो मुळातच मागे, त्याचेच पहिले दोन घटक शिकवून झालेले असतात.

नापास होण्याची किंमत इथे इतरांपेक्षा मोठी ठरते. एखाद-दुसरा विषय राहिला तरी एटीकेटीच्या आधाराने तिसऱ्या वर्षात जाता येते, पण दुसऱ्या वर्षाचा एकही विषय शिल्लक असताना अंतिम वर्षात पाऊल टाकता येत नाही, अशी पुणे विद्यापीठाची पद्धत राहिली आहे. म्हणून पहिल्या सत्रात राहिलेला ‘एम-थ्री’ दोन वर्षांनी उंबरठ्यावर आडवा येतो आणि विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘वायडी’ लागतो. वर्ष वाया गेले, की वर्ग नसतात, हजेरी नसते. शिष्यवृत्तीचा लाभही त्याच इयत्तेसाठी साधारणपणे पुन्हा मिळत नाही. महाविद्यालयात मुलाखतींसाठी येणाऱ्या कंपन्या राहिलेले विषय असलेल्यांना दारातूनच परत पाठवतात. पुण्यातील सुस्थितीतल्या घरचा मुलगा हे वर्ष शिकवणी लावून काढतो. टाकवे किंवा पवनानगरच्या मुलाला घरी बसवून ठेवणे घराला परवडत नाही. तो जवळच्या कारखान्यात कंत्राटी कामाला लागतो, पाळी बदलत राहते, परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख निघून जाते. त्याने शिक्षण सोडण्याचा निर्णय कधी घेतला, हे त्यालाही सांगता येणार नाही. हजेरीपटाला तर मुळीच नाही.

सोडून जाणारा प्रत्येक जण अपयशीच असतो, असे मात्र मानू नये. मावळात कामाची ओढ जवळ आहे आणि ती खरी आहे. २००८ मध्ये सुरू झालेला तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना २०२० मध्ये थांबला, तेव्हा औद्योगिक नोकरीचा भरवसा किती, हा प्रश्न अनेक घरांत उभा राहिला. २०२३ मध्ये ह्युंदाईने तो विकत घेण्याचा करार केल्यावर आशाही परतली. पदविकाधारक शिकाऊ उमेदवाराला २०१९ च्या दुरुस्तीनुसार दरमहा किमान आठ हजार रुपये विद्यावेतन ठरले आणि पदवीधराला नऊ हजार. तीन वर्षे आणि लाखाच्या घरातील खर्च करून सुरुवातीचा फरक एक हजाराचा असेल, तर पदवी अर्धी सोडून कामाला लागणाऱ्या तरुणाला अविचारी कसे म्हणायचे? पदवीचा फायदा दिसतो तो पुढे, पर्यवेक्षकाच्या जागेवर पदविका अडते तेव्हा. आठ-दहा वर्षांनी.

अशा तरुणांसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३-२४ पासून नोकरी सांभाळून पदवी घेण्याची सोय काही महाविद्यालयांना करू दिली आहे. कारखाने आणि महाविद्यालये यांच्यात लोकलच्या दोन-तीन स्थानकांचेच अंतर असलेल्या तळेगाव-चाकण पट्ट्यासारखी जागा या सोयीला दुसरी शोधावी लागणार नाही. (चाकणला लोकल जात नाही, हा भाग वेगळा; तिथून तळेगाव गाठायचे तर ट्रकांच्या रांगेतूनच यावे लागते.) तसेच जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, इतर मागास व सामाजिक-शैक्षणिक मागास गटांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. मुलीच्या पदवीला घरातून होणारा पैशाचा विरोध त्यामुळे बराच मावळेल. संध्याकाळच्या प्रयोगानंतर कान्हे स्थानकावर उतरून आंदर मावळातील गावी जायला एसटी आहे का, हा प्रश्न मात्र शासन निर्णयात बसत नाही.

तळेगावला तंत्रशिक्षणाचा वारसा आजचा नाही. अंताजी दामोदर काळे यांच्या कल्पनेतून, एकेक पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना इथे १९०८ मध्ये सुरू झाला आणि तो कारखाना असतानाच शाळाही होता. तिथे शिकलेले कारागीर देशभर गेले. आज याच परिसरात पुणे विद्यापीठाशी आणि लोणेऱ्याच्या विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत, साते येथे २०२३ मध्ये स्थापन झालेले खासगी विद्यापीठ आहे, लोणावळ्याजवळ कुसगावला अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शिकण्याची ठिकाणे वाढली, यात शंका नाही. नव्या शैक्षणिक धोरणाने कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडण्याची आणि परत येण्याची मुभा दिली, श्रेयांक साठवण्यासाठी २०२१ मध्ये बँकही उघडली. प्रत्येक विद्यार्थ्याचा क्रमांक आता त्या बँकेत असताना थेट दुसऱ्या वर्षात आलेल्यांचा निकाल वेगळा छापणे हे काही अवघड काम राहिलेले नाही. प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत शाखानिहाय एक ओळ पुरे: तीन वर्षांपूर्वी थेट प्रवेश किती, त्यांपैकी आज पदवीधर किती.

गणिताची पायरी बांधण्याचे कामही त्या ओळीची वाट पाहत थांबण्याचे कारण नाही. पदविकेची अंतिम परीक्षा उन्हाळ्यात संपते आणि पदवीचा प्रवेश पावसाळ्यात निश्चित होतो. मधल्या आठवड्यांत विद्यार्थी रिकामा असतो आणि महाविद्यालयांतील वर्गही. पदविकेच्या निकालानंतर पुढे शिकू इच्छिणाऱ्यांची नावे मंडळाकडे असतात. तंत्रनिकेतनातल्याच गणिताच्या शिक्षकांनी, तळेगाव, वडगाव किंवा लोणावळ्याला, सकाळच्या लोकलची वेळ धरून, ‘एम-वन’ आणि ‘एम-टू’ मधला नेमका तेवढाच भाग शिकवला, तर प्रवेश कोणत्या महाविद्यालयात मिळतो हे कळण्याआधीच तिसऱ्या सत्राची निम्मी तयारी झालेली असेल.