निकाल कोणाचा?

दहावीचा निकाल जाहीर झाला की मुंबई महापालिकेच्या माध्यमिक शाळांची टक्केवारी खाजगी शाळांच्या टक्केवारीशेजारी मांडली जाते आणि सुशिक्षित मुंबईकर आपला निवाडा देऊन मोकळा होतो. आकडा घसरला तर शिक्षक कामचुकार ठरतात. चढला तर पालिकेचे कारभारी सत्कारास सिद्ध होतात. या शाळांत शिकतात कोण, हा साधा प्रश्न मात्र कोणीच विचारीत नाही.

प्रथम या टक्केवारीचीच मातब्बरी पाहू. राज्याचा दहावीचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली अभ्यासक्रम बदलला, भाषा व सामाजिक शास्त्रे यांचे अंतर्गत गुण बंद झाले आणि निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० साली अंतर्गत गुण परत आले, टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि निकाल ९५.३० टक्क्यांवर गेला. महाराष्ट्रातील मुलांची बुद्धी एका वर्षी आटली व दुसऱ्या वर्षी तिला पूर आला, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, २०१९ साली महापालिकेच्या शाळांची घसरण राज्याच्या सरासरीहून कितीतरी मोठी होती. एक आधार काढून घेताच ज्यांना दुसरा आधार नव्हता ती मुले सर्वांत आधी कोसळली.

ही मुले कोणाची? घरकाम करणाऱ्या बायांची, फेरीवाल्यांची, रिक्षा हाकणाऱ्यांची, इमारतींच्या कामावर राबणाऱ्या मजुरांची. महापालिका आठ भाषांतून प्राथमिक शिक्षण देते, दप्तरापासून बुटांपर्यंत वस्तू फुकट देते. या गोष्टी तिला भूषणावह आहेत. पण गोवंडीच्या किंवा धारावीच्या दहा बाय दहाच्या खोलीत अभ्यासाला लागणारी शांतता तिला दप्तरासोबत देता येत नाही. शिवाय प्राथमिक शाळांच्या मानाने तिच्या माध्यमिक शाळा फारच थोड्या. शिक्षणहक्काच्या कायद्याचे छत्र चौदाव्या वर्षी संपते आणि नेमक्या त्याच वयात मुलाला कामाला व मुलीला घरच्या धाकट्या भावंडांना जुंपण्याचा मोह गरिबीला होतो. अशा घरातून आलेल्या मुलीने मिळविलेले पंचावन्न टक्के आणि दोन शिकवण्या लावलेल्या मुलाचे नव्वद टक्के एकाच तराजूत कसे तोलावयाचे?

यापेक्षाही गंभीर दोष टक्केवारीच्या हव्यासातून उपजतो. शाळेचा निकाल 'राखावा' म्हणून कच्च्या मुलाला नववीतच अडकवून ठेवावयाचे, किंवा सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसण्याचा सल्ला द्यावयाचा, ही युक्ती महाराष्ट्रातील शाळांना अपरिचित नाही. मूल शाळेतून जाते, शाळेचा निकाल मात्र उजळतो! ज्या मुलासाठी सार्वजनिक शाळा काढली त्यालाच बाहेर ठेवून मिळविलेल्या यशाला यश म्हणण्यास आमची तयारी नाही.

आणि या दोषाचा मोठा वाटा आपल्या मध्यमवर्गाच्या पदरात पडतो. एके काळी गिरगावात व परळात कारकुनाचा आणि गिरणी-कामगाराचा मुलगा म्युनिसिपल शाळेच्या एकाच बाकावर बसत असे. शिक्षक आला नाही तर जाब विचारणारा बाप त्या शाळेला होता. तो बाप आपले मूल घेऊन निघून गेला, तेव्हा शाळेचा आवाजही त्याच्याबरोबर गेला. कोठारी आयोगाने १९६६ साली सर्व थरांतील मुलांसाठी परिसरातील एकच समान शाळा असावी अशी शिफारस केली होती. २००९ च्या कायद्याने त्यातून खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा तेवढ्या पदरात टाकल्या. त्याही आक्रसण्याचा उद्योग राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला आणि जवळपास सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खाजगी शाळांना मोकळीक दिली. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली. आपल्या मुलांच्या बाकावर दुसऱ्याचे मूल नको, ही वृत्ती मात्र कोणत्याही न्यायालयास रद्द करता येत नाही.

आमची सूचना साधी आहे. महापालिकेने प्रत्येक माध्यमिक शाळेच्या निकालासोबत आठवीत किती मुले दाखल झाली, त्यांपैकी दहावीच्या परीक्षेस किती बसली आणि उरलेली कोठे गेली, हा हिशेब प्रसिद्ध करावा. जेथे गळती अधिक तेथे अधिक शिक्षक व संध्याकाळची अभ्यासिका द्यावी. ज्या शाळेने शंभरांपैकी नव्वद मुलांना दहावीपर्यंत आणले आणि त्यांतील सत्तर उत्तीर्ण केली, ती शाळा साठच मुले बसवून शंभर टक्क्यांची पताका फडकविणाऱ्या शाळेहून आमच्या मते सरस आहे. हा हिशेब मांडावयास पैसा लागत नाही. मांडण्याची इच्छा आहे की नाही, एवढेच महापालिकेने सांगावे.