वाचलेली वीज कुणाची?

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रांना अफाट वीज लागते. ती वाचावी म्हणून चिपांमधली माहिती तांब्याच्या तारेऐवजी प्रकाशातून नेण्याचे तंत्र अमेरिकेतली एक्सस्केप फोटॉनिक्स ही २०२२ साली निघालेली कंपनी घडवते आहे. तिच्या संस्थापकांत केरेन बर्गमन आणि मिखाल लिप्सन या दोन शास्त्रज्ञ स्त्रिया आहेत. अभिमान वाटतोच. पण वाचलेली वीज जाणार कुठे? आणखी यंत्रांकडेच?

आमच्या घोडेगावच्या शिवारात वर्षानुवर्षे कांद्याचे भरणे रात्रीच्या विजेवर झाले. विंचूकाट्यात दारे धरणाऱ्यांत बायाही होत्या. नवी मुंबईतल्या डेटा सेंटरांना मात्र अखंड वीज हवी. कुणाला किती वीज, कोणत्या वेळी, हा हिशेब जाहीर मागू या. आपण मागितल्याशिवाय तो कुणी देणार नाही.